पाठीवर चिऊ, पोटाशी बाळ: कॅरियर घेऊन डोंगरात

जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की सगळे हॉटेल कुठलं आणि गाडी कोणाची एवढंच विचारतात, आणि मला लिहायचंय ते पोरांना अंगावर घेऊन डोंगरात फिरण्याबद्दल, म्हणजे मुख्यतः कॅरियरबद्दल. तर डोंगर कुठलाही धरा. पाईनचं जंगल, त्याच्या वर एक तळं, तळ्याच्या वर २४०० मीटरची खिंड, आणि राहायला १९०० मीटरवर एक लाकडी गेस्टहाऊस. मोठी माणसं आम्ही चार, मी, नवरा, दादा आणि वहिनी. पोरं तीन. आमची चिऊ १६ महिन्यांची, वजन १० किलोच्या आसपास. दादाचा बंटी ४ वर्षांचा, १६ किलो. आणि त्याची बहीण ५ महिन्यांची, जिला नाव ठेवून झालं तरी अजून सगळे बाळच म्हणतात.

बरोबर होता एक फ्रेमवाला कॅरियर, तो ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा, मागे स्टँड, वर छत्रीसारखं सनशेड असलेला, मित्राकडून मागून आणला होता कारण विकत घ्यायचा की नाही हे ठरत नव्हतं. वहिनीचा नेहमीचा सॉफ्ट कॅरियर, कापडी, पुढे बांधायचा. आणि दादाने असू दे म्हणून बॅगेत टाकलेला मोठ्या मापाचा सॉफ्ट कॅरियर, बंटीसाठी, ज्यावरून निघताना घरात बरीच टिंगल झाली होती, एवढा घोडा झालाय आता चालेल की वगैरे.

शनिवार

प्रवासात सांगण्यासारखं फार नाही, विमान वेळेवर, पुढची गाडी वेळेवर. कॅरियरपुरतं सांगते. फ्रेमवाला केबिनमध्ये न्यायचं डोक्यातच आणू नका, वरच्या कप्प्यात तो मावत नाही. चेक-इनला द्यायचा आणि द्यायचा तर मोठ्या पिशवीत घालून, सगळे पट्टे आत खोचून, नाहीतर लोंबणारा पट्टा कुठेतरी अडकतो आणि बक्कल तुटून हातात येतं. आतली जागा फुकट जाते म्हणून आम्ही चिऊच्या सीटमध्ये सगळ्यांचे स्वेटर कोंबले, त्याने फ्रेमलाही आधार मिळाला.

वहिनीने मात्र विमानतळावर बाळाला सॉफ्ट कॅरियरमध्ये घातलेलं, दोन्ही हात मोकळे, एका हाताने बंटीला धरलंय, दुसऱ्या हातात पासपोर्ट आणि बाळ ढाराढूर. टेकऑफच्या आधी एअरहोस्टेस आली आणि बाळाला कॅरियरमधून काढून मांडीवर घ्यायला लावलं. वहिनी वैतागली, आत्ता कुठे झोपलं होतं, पण बऱ्याच विमान कंपन्यांचा हाच नियम आहे, अमेरिकेत तर एफएए, म्हणजे तिथली सरकारी विमान वाहतूक यंत्रणा, टेकऑफ, लँडिंग आणि धावपट्टीवर विमान चालू असताना कॅरियर चालवूनच घेत नाही. तेव्हा बाळाची झोप आणि टेकऑफची वेळ जुळवायच्या भानगडीत पडू नका, तसंही उठवणारच आहेत.

संध्याकाळी गेस्टहाऊसच्या व्हरांड्यात आमचं फिटिंग झालं. हा भाग लोक घाईत उरकतात, खरं तर कॅरियर निवडायचं निम्मं काम इथेच असतं. मूल सगळ्यात मावतं हो, प्रश्न उचलणाऱ्याच्या पाठीचा असतो. पाठीचं माप घ्यायचं ते असं: मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक मणका टोचून वर येतो, तो वरचा बिंदू. मग कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर हात ठेवायचे, अंगठे पाठीकडे, ते जिथे समोरासमोर येतात तो खालचा बिंदू. मधलं अंतर टेपने मोजायचं. माझं आलं ४१ सेंटिमीटर, नवऱ्याचं ५०. गंमत म्हणजे दादा आणि नवरा उंचीला सारखे, दोघेही सहा फुटांच्या आसपास, पण दादाची पाठ ४६ भरली, बाकी सगळे पाय. म्हणजे उंचीवरून माप धरायचं नाही.

आमच्या फ्रेमवाल्याची पाठ वरखाली सरकते, मागे एक मोठा वेल्क्रो आहे तो सोडवायचा आणि हवं त्या खुणेवर परत चिकटवायचा. नवऱ्याच्या खुणेवर असताना मी घातला तर खांद्याचे पट्टे कानापाशी आणि कमरेचा पट्टा मांडीवर. माझ्या खुणेवर आणला आणि तोच कॅरियर एकदम अंगाला बसला. दोघं आलटूनपालटून उचलणार असाल तर ही एकच गोष्ट बघा, पाठ किती पटकन बदलता येते, आणि लहान सेटिंग खरंच लहान आहे का. रंग, कप्पे, कप ठेवायचं जाळं हे सगळं नंतर.

घालायचा क्रमही असतो. कमरेचा पट्टा आधी, हाडांच्या वर, खाली नाही, तो घट्ट आवळायचा. मग खांद्याचे पट्टे. मग खांद्यावरून कॅरियरच्या वरच्या टोकाला जाणारे ते दोन बारीक पट्टे हलके ओढायचे म्हणजे वरचा भाग पाठीला टेकतो. छातीचा पट्टा शेवटी. बहुतेक वजन कमरेवर उतरलं पाहिजे. खांदा लगेच दुखायला लागला तर कॅरियर वाईट नाही, आधी कमरेचा पट्टा बघा.

रविवार

पहिल्या दिवशी मुद्दाम सोपं ठेवलं, तळ्यापर्यंत जाऊन यायचं, चढ फार नाही. ऊन स्वच्छ, हवा गार, जंगलात ओल्या सालींचा वास. चिऊ नवऱ्याच्या पाठीवर, बाळ वहिनीच्या पोटाशी, बंटी सगळ्यात पुढे काठी घेऊन.

अर्ध्या वाटेवर एक आजोबा भेटले, पाठीवर एवढी मोठी लाकडं घेऊन वरून खाली येत होते. आमची वरात बघून थांबले, ओझं दगडाला टेकवलं आणि नवऱ्याभोवती एक चक्कर मारली. मग काही न विचारता कॅरियरच्या मागच्या बाहेरच्या कप्प्यातली पाण्याची मोठी बाटली काढली आणि सीटच्या खालच्या कप्प्यात, पाठीला चिकटून घातली. डायपरची पिशवी तिथून काढून बाहेरच्या कप्प्यात. म्हणाले, जड ते पाठीशी ठेव, मागे लोंबलं की ते तुला मागे ओढतं आणि तू पुढे वाकत बसतोस. नवरा दहा पावलं चालला आणि म्हणाला, अरे खरंच. फ्रेमवाल्यात मूल आधीच पाठीपासून थोडं लांब आणि उंच बसतं, त्यात मागे लिटरभर पाणी लटकवलं की तोल जातोच. आजोबांनी चिऊच्या गालाला बोट लावलं, तिने त्यांची टोपी ओढली, ती त्यांनी तिला पाच मिनिटं घालू दिली.

चिऊला बसवतानाचं सांगते. सीटची उंची अशी हवी की हनुवटी पुढच्या पॅडच्या जरा वर येईल, पॅडमध्ये तोंड खुपसलेलं नको. आतला हार्नेस अंगाबरोबर, म्हणजे तिने उभं राहायचा प्रयत्न केला तर तो होऊ नये (आणि ती करते, प्रत्येक वेळी). पायांना रिकिबी, म्हणजे पाय टेकवायचे पट्टे, लावाच. पाय नुसते लोंबत राहिले की मांडीच्या आतल्या बाजूला सीटची कड रुतते, पाय बधिर होतात आणि मूल किरकिरायला लागतं, आपल्याला वाटतं भूक लागली. आम्ही तासाभराने खाली काढायचो, दहा मिनिटं गवतात सोडायचो.

फ्रेमवाल्यात बाळाला बसवायचं नाही, हे बंटीला समजावताना पुरेवाट झाली, त्याला दोघींना एकत्र बसवायचं होतं. मूल आधाराशिवाय नीट बसायला लागलं पाहिजे आणि मान पक्की हवी, हे साधारण सहा महिन्यांनंतरच. वजनाची खालची मर्यादाही असते, ओस्प्रे कंपनीच्या पोको या फ्रेमवाल्या कॅरियरला ७.३ किलो आहे. त्याआधी सॉफ्ट कॅरियर, आणि तोही नीट. वहिनी हे सगळं बाळाच्या आधी बंटीवर शिकलेली असल्यामुळे तिचा हात बसलाय. बाळ इतकं वर की मान किंचित वाकवली की डोक्याची पापी घेता यावी. चेहरा सतत दिसला पाहिजे. हनुवटी छातीवर पडलेली नको, मधे दोन बोटं जातील एवढी जागा. पाठीला आधार. गुडघे कुल्ल्यांपेक्षा जरा वर आणि मांडी गुडघ्यापर्यंत कापडावर टेकलेली, समोरून बघितलं तर इंग्रजी एम दिसतो. मधेच कापडाच्या अरुंद पट्टीवर लटकलेली पोरं दिसतात ना, पाय सरळ खाली, ते खुब्याच्या सांध्यांना चांगलं नाही, विशेषतः पहिले सहा महिने.

हनुवटीचा मुद्दा चेष्टेचा नाही. मान पुढे पडली की लहान बाळाची श्वासनळी दुमडते आणि ते रडूही शकत नाही. अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने २०१० मध्ये स्लिंगबद्दल इशारा दिला होता तो चार महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी खास होता. वहिनी वाटेत दर थोड्या वेळाने जॅकेटची चेन उघडून आत बघत होती, दादा म्हणाला किती बघतेस, ती म्हणाली तू वाट बघ, मी बाळ बघते.

तळ्याशी पोचलो तेव्हा चिऊ झोपलेली, मान एका बाजूला पडलेली. टॉवेलची गुंडाळी करून गालाखाली सारली. पाठीवरचं मूल स्वतःला दिसत नाही हा फ्रेमवाल्याचा खरा तोटा. एक छोटा आरसा पट्ट्याला दोरीने बांधून ठेवा, नाहीतर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा आहेच. एकटे असाल तर आरसा हवाच.

परतताना बंटी वाटेतच आडवा झाला. आत्या, माझे पाय संपले. मग निघाला तो टिंगल झालेला मोठा सॉफ्ट कॅरियर. दादाच्या पाठीवर चढला आणि पाच मिनिटांत झोपला. १६ किलोचं पोर सॉफ्ट कॅरियरमध्ये पाठीला अगदी चिकटून असतं म्हणून हलकं वाटतं, असं दादाचं म्हणणं. फ्रेमवाल्यात त्याला घातला असता तर हिशोब बघा: पोकोची कमाल मर्यादा २२ किलो, आणि त्यात मूल, सामान आणि कॅरियर स्वतः, सगळं आलं. कॅरियर साडेतीन किलोचा, बंटी १६, उरले अडीच किलो, त्यात पाणी, कपडे, खाऊ. काही कंपन्या फक्त मुलाचं वजन सांगतात, काही सगळं मिळून, तेव्हा पेटीवरचा आकडा बघताना तो कशाचा आहे ते वाचा.

सोमवार

पाऊस. सकाळपासून असा की समोरचं जंगलही दिसेना. गेस्टहाऊसच्या काकूंनी मोठ्या पातेल्यात सूप टाकलं आणि दिवसभर तेच, भाकरी पावाचे तुकडे बुडवून. चिऊने तीन वेळा अंगावर सांडलं.

दुपारी बाळ काही केल्या झोपेना, वहिनीचा कॅरियर धुऊन वाळत घातलेला. काकू आल्या, कपाटातून एक लांब सुती कापड काढलं, वाकल्या, बाळ पाठीवर घेतलं, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कापड फिरवलं, छातीवर पीळ, कमरेला गाठ, संपलं. वहिनी बघतच राहिली. आम्ही चार बक्कलं आणि सहा पट्टे घेऊन आलेलो. बाळ त्यांच्या पाठीवर भांडी घासण्याच्या आवाजात झोपलं.

रात्री त्यावरूनच वहिनीने ॲन मूरची गोष्ट सांगितली. त्या अमेरिकन नर्स, १९६० च्या दशकात पीस कॉर्प्स या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून आफ्रिकेत टोगोला गेलेल्या. तिथल्या आया बाळं कापडाने पाठीवर बांधून दिवसभर सगळं करतात आणि बाळं शांत असतात हे त्यांनी पाहिलं. परत जाऊन स्वतःच्या मुलीला तसंच बांधायला गेल्या तर बाळ घसरायचं, म्हणून आईच्या मदतीने पट्टे जोडून पिशवीसारखं शिवून घेतलं. लोकांनी बघितलं, मागायला लागले, १९६९ मध्ये पेटंट मिळालं, स्नगली नावाने ते विकलं गेलं. म्हणजे आजचे सॉफ्ट कॅरियर हे शेवटी काकूंच्या त्या कापडाचेच वंशज. काकूंना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, मग बक्कलं कशाला? दादाकडे उत्तर नव्हतं. वहिनी म्हणाली, माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना गाठ येत नाही.

पावसात बसून फ्रेमवाला उचलायची प्रॅक्टिस मात्र झाली. स्टँड पूर्ण उघडून लॉकचा आवाज ऐकायचा. सपाट जमिनीवरच ठेवायचा, टेबलावर, कट्ट्यावर, बाकावर कधीच नाही, मूल आत असताना हात काढायचा नाही, ती खुर्ची नव्हे. मग कोणीतरी मागून धरायचं, आपण गुडघे वाकवून एक हात आत, मग दुसरा, आणि पायांच्या जोराने उठायचं. कंबरेतून वाकलं तर मूल डोक्यावरून पुढे येतं. बुटाची नाडी सुटली तरी खाली बसून बांधायची, वाकून नाही.

मंगळवार

खिंडीचा दिवस. पहाटे आभाळ धुऊन निघालेलं, थंडी बऱ्यापैकी. ठरलं असं की बाळ आणि वहिनी तळ्यापर्यंतच येतील, पुढे आम्ही बाकीचे. उंचीचा विचार होता. २४०० मीटर फार नाही आणि झोपायला परत १९०० वरच येणार होतो, पण बोलता न येणाऱ्या मुलाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. खाणं सोडलं, झोप उडाली, उगीच रडतंय, उलटी झाली की सरळ खाली उतरायचं, कारण शोधत वर थांबायचं नाही. रात्री २५०० च्या वर राहणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला.

वरच्या टप्प्यात झाडं संपली आणि वारा सुरू झाला. इथे कळतं की आपल्याला घाम फुटलाय म्हणून मुलाला गरम होत नाही. आपण १५ किलो उचलून चढतोय, अंगात भट्टी पेटलीय, आणि मागे चिऊ बसून आहे, हालचाल शून्य. उंची वाढली की हजार मीटरमागे साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे आमच्या चढाईत तीनच अंश, पण खरा खेळ वाऱ्याचा. हात गार असणं फार काही सांगत नाही, मानेच्या मागे किंवा छातीवर कपड्यांच्या आत बोट घालून बघायचं. पाय आणि घोटे सगळ्यात आधी गारठतात कारण रिकिबीत पाय टेकले की पँट वर सरकते आणि मोज्याच्या वर चार बोटं पाय उघडा. आम्ही दादाच्या लोकरी टोपीचे... नाही, ते नको सांगायला, दादा चिडेल. गुडघ्यापर्यंतचे मोजे न्या एवढंच.

आणि एक बूट गायब. कधी पडला कोणालाच माहीत नाही. खिंडीच्या जवळ बसलो, चिऊला खाली काढलं तर उजव्या पायात नुसता मोजा. नवरा म्हणाला राहू दे, मी म्हटलं नवा बूट आहे, या वादात दहा मिनिटं गेली आणि तेवढ्यात खालून एक मेंढपाळ पोरगा येताना दिसला, मागे मेंढ्या, आणि त्याच्या काठीच्या टोकावर आमचा लाल बूट उंच धरलेला. त्याला तो वाटेत सापडला होता, त्याने बरोबर ओळखलं की असला बूट चालणाऱ्या पायातून पडत नाही. चिऊने टाळ्या वाजवल्या. आम्ही त्याला केळी आणि चॉकलेट दिलं, त्याने केळी घेतली आणि चॉकलेट बंटीलाच परत दिलं. तेव्हापासून बूट रिकिबीला इलॅस्टिकने बांधलेले असतात. टोपीलाही हनुवटीखाली दोरी. पाठीवर बसलेलं मूल हातात येईल ते फेकतं आणि आवाज न करता फेकतं.

खिंडीत आणखी एक कुटुंब भेटलं, त्यांची मुलगी अडीच वर्षांची, तीही फ्रेमवाल्यात, वेगळ्या कंपनीच्या. दोन्ही बापांनी कॅरियर अदलाबदल करून पाहिले, मुलांसकट. नवऱ्याला तो दुसरा आवडला, त्या माणसाला आमचा, म्हणजे दोघांच्या पाठीत फरक होता हेच पुन्हा. त्यांच्या कॅरियरला बाजूने झिप होती, मुलगी स्वतः चढायची आणि उतरायची, दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला ते फार सोयीचं. आमच्यात वरूनच घालावं लागतं, १० किलोला ठीक आहे, १५ ला हात भरून येतील. मात्र बाजूचं बक्कल मुलाच्या हाताला लागतं का ते बघा, त्यांच्या मुलीने आमच्यासमोर ते उघडून दाखवलं, मोठ्या अभिमानाने.

वर ऊन बोचरं होतं. हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, त्यात गार वाऱ्यात भाजलेलं कळत नाही. सनशेड डोक्यावर सावली देतं पण सूर्य तिरका असला की तोंडावर ऊन येतंच, तेव्हा कडेची टोपी आणि क्रीम दोन्ही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर थेट उन्हात न्यायचंच नाही, बाळ खाली ठेवलं त्याचं हेही एक कारण. काहीजण ऊन लागू नये म्हणून पूर्ण कॅरियरवर ओढणी टाकतात, ते टाळा, आत हवा कोंडते आणि तापते.

उतरताना मी घेतलं. व्हरांड्यातल्यासारखं पाठीचं वेल्क्रो बदललं, दोन मिनिटांचं काम. उतारावर गुडघ्यांना खरी परीक्षा, दोन्ही हातांत काठ्या घ्या, पाऊल छोटं टाका. आणि फांद्या! चिऊचं डोकं माझ्या डोक्याच्या वर जवळजवळ वीतभर, मी आरामात खालून गेले तरी फांदी तिच्या कपाळाशी. पुढे चालणाऱ्या दादाचं काम एकच, फांदी आली की ओरडायचं. तो ओरडायचा, मी गुडघे वाकवून खाली जायचे, चिऊला वाटायचं खेळ चाललाय, ती खिदळायची, मग फांदी नसतानाही तिला तेच हवं होतं. तळ्याच्या अलीकडे पावसाची सर आली, रेन कव्हर टाकलं, पण ते पूर्ण बंद करून चालत राहायचं नसतं, बाजूने हवा येईल असं ठेवायचं, सर थांबली की लगेच काढायचं.

खाली वहिनी थर्मास घेऊन बसलेली. बाळ जागं, तिच्या पोटाशी, आभाळाकडे बघत.

बुधवार

खालच्या गावात भटकायचा दिवस, अरुंद गल्ल्या, पायऱ्याच पायऱ्या, मधे बस. नवऱ्याने हट्टाने फ्रेमवाला घेतला. बसमध्ये तो घालून बसता येत नाही, काढला तर ठेवायला जागा नाही, चिऊला मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताने सांगाडा धरून उभा. जुन्या घराचं छोटं म्युझियम होतं तिथे दारातच ठेवायला लावला, बरोबरच आहे, दारं इतकी बुटकी की मूल पाठीवर असताना आत जाणं धोक्याचंच. मग चिऊ बंटीच्या मोठ्या सॉफ्ट कॅरियरमध्ये. माप तिला मोठं पडतं, पाय फार फाकतात, पण याला सीटची रुंदी कमी करायची सोय आहे, ती आवळली आणि जमलं. घडी केली की तो हातातल्या पिशवीत जातो. वजन किलोच्या आतबाहेर.

माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. एकच घ्यायचा असेल आणि प्रवासात गाव, बस, विमान, थोडं चालणं असं सगळं मिश्र असेल तर सॉफ्ट. दिवसभराचा ट्रेक, सामान बरंच, ऊन-पाऊस, उचलणारा धडधाकट, तर फ्रेमवाला, पण तो वर्षातून कितीदा लागतो हे स्वतःला खरं खरं विचारा, आणि शक्यतो आधी मागून किंवा भाड्याने आणा. उन्हाळ्यात सॉफ्टमध्ये दोघांचंही अंग घामाने थबथबतं, हा त्याचा तोटा आहे, फ्रेमवाल्यात मधून हवा खेळते.

गुरुवार

परत. बंटी काकूंच्या गळ्यात पडून रडला, काकूंनी ते कापड वहिनीला दिलं, गाठ कशी मारायची ते दोनदा दाखवून.

आल्यावर फ्रेमवाल्याचं पुढचं पॅड काढून धुतलं (लाळ, सूप, केळं), पाठ मित्राच्या खुणेवर लावली आणि परत दिला. नवरा अजून विकत घ्यायच्या मागे आहे, वापरलेला तरी घेऊ म्हणतो. वापरलेला घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक बक्कल दहादा लावून-काढून बघा, पट्ट्यांची शिवण ओढून बघा, उन्हाने फिकट कडक झालेले पट्टे नकोत. लेबलवर मॉडेल आणि तारीख शोधा आणि त्या मॉडेलचा रिकॉल निघालाय का, म्हणजे दोष सापडून कंपनीने ते परत मागवलंय का, ते कंपनीच्या साईटवर पाहून घ्या. युरोपातल्या कॅरियरवर ईएन १३२०९ आणि अमेरिकेतल्या फ्रेमवाल्यावर एएसटीएम एफ २५४९ असं मानक लिहिलेलं असतं. आणि दुकानात असो की कोणाच्या घरी, मूल आत बसवून निदान अर्धा तास घालून फिरा, जिने चढा-उतरा. रिकामा कॅरियर सगळ्यांनाच आरामदायक वाटतो.

परवा एक बघून आलो, दिसायला नवाकोरा, पण स्टँडचं लॉक बसता बसत नव्हतं, नाही घेतला. शोध चालू आहे. कुणाकडे पडून असेल तर सांगा, अट एकच, पाठ ४१ सेंटिमीटरपर्यंत खाली आली पाहिजे, कारण उतारावर तो माझ्याच पाठीवर असणार आहे.